राजाचा मित्र, अथेन्सचा पाहुणा : हार्पालस प्रकरण

इ.स.पू. ३२४च्या उन्हाळ्याच्या सुमारास अथेन्सच्या किनाऱ्याजवळ ३० जहाजांचा ताफा येऊन थांबला. जहाजांवर ६००० भाडोत्री सैनिक होते आणि सुमारे ५००० टॅलंट एवढा पैसा होता. ताफ्याचा मालक होता हार्पालस, माखातासचा मुलगा. हा अलेक्झांडरचा तरुणपणापासूनचा मित्र, त्याच्या साम्राज्याचा खजिनदार आणि अथेन्सने स्वतःहून सन्मानाने नागरिकत्व दिलेला माणूस. तो बॅबिलॉनहून पळून आला होता आणि त्याला आसरा हवा होता.

५००० टॅलंट म्हणजे किती, हे आधी नीट डोळ्यांसमोर आणायला हवं. एक टॅलंट म्हणजे ६००० द्राख्मा, वजनात साधारण २६ किलो चांदी. त्या काळी अथेन्समध्ये अंगमेहनत करणाऱ्या मजुराला दिवसाला दीड द्राख्मा मिळत असे. म्हणजे एका टॅलंटसाठी त्याला ४००० दिवस, सुट्टी न घेता जवळजवळ ११ वर्षं राबावं लागलं असतं. अथेन्स शहराचं एकूण वार्षिक उत्पन्न त्या दशकात, चांगल्या काळात, १२०० टॅलंटच्या आसपास होतं. दारात उभा असलेला माणूस शहराच्या चार वर्षांच्या उत्पन्नाहून जास्त पैसा बरोबर घेऊन आला होता. आणि त्याला शहरातले बरेच लोक नावाने ओळखत होते.

प्राचीन ग्रीस आणि मॅसेडोनियाचं राजकारण वैयक्तिक नात्यांवर कसं चालायचं, हे समजून घ्यायला मला या प्रकरणाइतकं दुसरं काही उपयोगी वाटत नाही. लढाया आणि तह बाजूला ठेवून कोण कुणाचा मित्र, कोण कुणाचा जावई, कुणी कुणाला धान्य पाठवलं, एवढंच बघत गेलं तरी सगळी गोष्ट उलगडते.

हद्दपारीत पक्की झालेली मैत्री

गोष्ट सुरू होते ती अलेक्झांडर राजपुत्र असताना. आशिया मायनरमधल्या कारियाचा सत्रप, म्हणजे पर्शियन साम्राज्यातला प्रांताधिकारी, पिक्सोडारस याने आपली मुलगी मॅसेडोनियाच्या फिलिप राजाच्या दुसऱ्या मुलाला, अरिडियसला, देऊ केली. हे कळताच अलेक्झांडरला वाटलं की आपल्याला डावललं जातंय. त्याने थेस्सालस नावाच्या एका नटाला गुपचूप कारियाला पाठवलं आणि निरोप दिला की अरिडियसऐवजी जावई म्हणून माझा विचार करा. फिलिपला हे समजलं तेव्हा तो भडकला. मुलाला तो फार काही करू शकत नव्हता, म्हणून राग काढला मुलाच्या मित्रांवर. हार्पालस, निआर्कस, टॉलेमी आणि एरिजिअस यांना त्याने राज्याबाहेर घालवलं. ही हकीकत प्लुटार्क हा कित्येक शतकांनंतरचा ग्रीक चरित्रकार सांगतो. अरियन हा नंतरचाच इतिहासकार याच माणसांची नावं घेतो, एरिजिअसचा भाऊ लाओमेडॉन याचं नाव त्यात वाढवतो आणि कारण देतो ते फिलिपच्या नव्या लग्नामुळे बापलेकांत आलेल्या वितुष्टाचं.

इ.स.पू. ३३६ मध्ये फिलिपचा खून झाला. अलेक्झांडर गादीवर बसला आणि त्याने या सगळ्यांना परत बोलावलं. पुढे कुणाला काय मिळालं ते पाहा. निआर्कस लिशियाचा सत्रप झाला, एरिजिअसकडे मित्रराज्यांचं घोडदळ आलं, लाओमेडॉनला दोन भाषा येत होत्या म्हणून युद्धकैद्यांचं काम त्याच्याकडे गेलं. टॉलेमी पुढे राजाचा अंगरक्षक आणि सेनापती झाला. हार्पालसचं शरीर लढाईच्या कामाचं नव्हतं, म्हणून त्याच्याकडे खजिना आला. अरियन हे अगदी साध्या वाक्यात सांगून टाकतो, जणू यात समजावण्यासारखं काही नाहीच. त्याच्या काळच्या आणि त्याच्याही आधीच्या वाचकांना नव्हतंच. ज्याने आपल्यासाठी हद्दपारी सोसली त्याच्या हाती राज्याची तिजोरी द्यायची, याहून भरवशाची दुसरी पात्रता कोणती?

त्यात घराणंही होतं. वरच्या मॅसेडोनियातल्या एलिमिओटिस या डोंगराळ भागाचं सरदारघराणं हे हार्पालसचं घराणं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. फिलिपची एक बायको, फिला, त्याच घरातली होती. तसं असेल तर हार्पालस राजघराण्याचा सोयराही ठरतो.

मराठीत आपण ‘वशिला’ म्हणतो तेव्हा मनात एक सरळ रस्ता असतो आणि वशिला म्हणजे त्या रस्त्याला फुटलेली आडवाट असते. अलेक्झांडरच्या मॅसेडोनियात सरळ रस्ता म्हणजेच ओळख. राजाभोवतीच्या माणसांना ‘हेतैरोइ’ म्हणत, म्हणजे सोबती. ते शिकारीला बरोबर, मेजवानीला बरोबर, लढाईतही बरोबर. पद या सोबतीतून निघायचं आणि सोबत संपली की पदही संपायचं.

पहिलं पलायन

हार्पालस पहिल्यांदा पळाला तो इ.स.पू. ३३३ मध्ये, इस्ससच्या लढाईच्या थोडं आधी. टॉरिस्कस नावाच्या कुणा माणसाने त्याला भरीला घातलं, एवढंच अरियन सांगतो. दोघेही ग्रीसकडे निसटले. टॉरिस्कस इटलीत जाऊन मेला आणि हार्पालस अथेन्सच्या शेजारच्या मेगाराच्या मुलखात राहिला.

यानंतर अलेक्झांडरने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणाचं मूळ वाटतं. त्याने निरोप पाठवला की परत ये, तुला काही होणार नाही. हार्पालस परत आला आणि राजाने त्याला पुन्हा खजिनदार केलं. तो का पळाला, बरोबर काय नेलं, हिशेब कुठे आहे, असं काही विचारल्याची नोंद नाही. लवकरच जगातला सगळ्यात मोठा खजिना त्याच माणसाच्या ताब्यात गेला. पर्शियाच्या राजधान्यांमधून लुटून एकबटाना इथे गोळा केलेली संपत्ती १,८०,००० टॅलंट असल्याचं प्राचीन लेखक सांगतात. तिच्या रक्षणाला ६००० मॅसेडोनियन सैनिक होते आणि वर हार्पालस.

मित्राला माफ करणं ही माणूस म्हणून मोठी गोष्ट आहे, मला तीत खोट दिसत नाही. पण खजिनदाराला माफ करताना त्याच्या हिशेबालाही माफी मिळाली. इथून पुढे हार्पालसला एकच व्यवस्था ठाऊक होती : राजाची मर्जी.

बॅबिलॉनमधली बाग

अलेक्झांडर पूर्वेकडे, पार पंजाबपर्यंत निघून गेला आणि हार्पालस बॅबिलॉनमध्ये राहिला. या वर्षांतलं त्याचं जे चित्र आपल्यापर्यंत आलंय ते बहुतेक त्याच्या शत्रूंनी रंगवलेलं आहे : दूरच्या समुद्रातून मासे मागवणारा, पैसा उधळणारा, बायकांच्या नादी लागलेला. पण दोन छोट्या नोंदी या चित्रात बसत नाहीत, म्हणून मला त्या जास्त खऱ्या वाटतात.

पहिली नोंद पुस्तकांची. वरच्या प्रांतांमध्ये असताना अलेक्झांडरला वाचायला काही मिळेना. त्याने हार्पालसला कळवलं आणि हार्पालसने पुस्तकं पाठवली : फिलिस्टसचा इतिहास, युरिपिडीस, सोफोक्लीस आणि एस्किलस यांच्या बऱ्याच शोकांतिका, टेलेस्टीस आणि फिलॉक्सेनस यांची गीतं. हजारो मैलांवरच्या छावणीत पपायरसच्या गुंडाळ्यांचं ते गाठोडं उघडलं जात असेल, त्या क्षणाची कल्पना करून पाहा. आपल्या राजाला काय वाचायला आवडतं हे हार्पालसला माहीत होतं. सत्रप आणि सेनापती बरेच होते, पण पुस्तकं मागावीत असा माणूस राजाला हाच आठवला.

दुसरी नोंद बागेची. बॅबिलॉनच्या राजवाड्याच्या बागेत ग्रीक झाडं लावायचा त्याने ध्यास घेतला. बाकीची जगली, पण आयव्हीचा वेल काही केल्या धरेना. तिथली माती तापट आणि आयव्हीला गारवा लागतो, असं प्लुटार्क म्हणतो. पुन्हा पुन्हा वेल लावून पाहणारा हा माणूस घराची ओढ लागलेला दिसतो.

त्याने अथेन्सहून पायथिओनिसी नावाची गणिका बोलावून घेतली. ती वारली तेव्हा बॅबिलॉनमध्ये आणि अथेन्सहून एल्युसिसला जाणाऱ्या रस्त्यावर अशी तिची दोन स्मारकं उभारली. इतिहासकार थिओपॉम्पसने अलेक्झांडरला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली होती की या दोन स्मारकांवर २००हून जास्त टॅलंट गेले आणि राजासाठी लढून मेलेल्यांच्या कबरींकडे मात्र कुणी पाहिलंही नाही. नंतर ग्लायसेरा आली, तीही अथेन्सची. तिला राणीसारखा मान द्यायला लोकांना भाग पाडलं गेलं.

याच काळात अथेन्समध्ये धान्याची टंचाई होती. ३२०च्या दशकात पूर्व भूमध्य समुद्रालगतची बरीच शहरं उपासमारीच्या काठावर होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सायरीनी या ग्रीक शहराने तेव्हा कुणाला किती धान्य पाठवलं, त्याचा शिलालेख आजही उपलब्ध आहे. त्यात अथेन्सच्या नावावर १,००,००० मेडिम्नस (धान्याचं ग्रीक माप) आहेत, अलेक्झांडरची आई ऑलिंपियास हिच्या नावावर ६०,००० आणि बहीण क्लिओपात्रा हिच्या नावावर ५०,०००. शहरांच्या यादीत दोन बायकांची नावं, तीही कुठल्याही पदाविना. सत्ता कुठे राहत होती हे त्या दगडावरून कळतं. हार्पालसनेही अथेन्सला धान्य पाठवलं आणि त्या बदल्यात अथेन्सने त्याला नागरिकत्व दिलं. अलेक्झांडरच्या छावणीत झालेल्या एका नाटकात यावरून त्याची टिंगल झाली होती, म्हणजे ही गोष्ट सर्वांना माहीत होती.

इ.स.पू. ३२५च्या अखेरीला अलेक्झांडर गेड्रोशियाच्या वाळवंटातून जिवंत बाहेर पडला. तो परत येणार नाही अशा हिशेबाने बरेच अधिकारी वागले होते. कार्मानियात त्याने क्लिअँडर, सिटाल्कीस यांसारख्या जुन्या सेनापतींना मारलं. ज्येष्ठ सेनापती पार्मेनिओनचा खून राजाच्या हुकमावरून ज्यांनी केला, त्यांतलेच हे होते. आता मागची मर्जी कुणाच्याच कामाला येत नव्हती.

हार्पालस दुसऱ्यांदा पळाला. ही बातमी पहिल्यांदा घेऊन आले ते एफिअल्टीस आणि किस्सस. खोटा आळ घेतात म्हणून राजाने या दोघांनाच बेड्या घातल्या. सत्रपांची मुंडकी उडत असतानाही हार्पालस असं करेल यावर त्याचा विश्वास बसला नाही. आणि हार्पालसला मात्र वाटत होतं की आपल्याला आता माफी नाही. एकाचा भरवसा होता आणि दुसऱ्याला तो कळला नाही, कारण त्यांच्यामध्ये मैत्रीखेरीज काही उरलंच नव्हतं. चौकशी नाही, बाजू मांडायची सोय नाही, दंड भरून सुटायचा मार्ग नाही. माफी किंवा मरण, एवढीच दोन टोकं.

झेनोस

ग्रीक भाषेत ‘झेनोस’ हा शब्द परक्याला लागतो, पाहुण्याला लागतो, यजमानालाही लागतो. आपल्या गावाकडे ‘पाव्हणं’ म्हणताना अनोळखी माणूस आणि सोयरा दोन्ही मनात असतात, तसंच काहीसं. वेगवेगळ्या शहरांतल्या घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या आतिथ्याच्या नात्याला म्हणत ‘झेनिया’. आणि झेनोसचा आणखी एक अर्थ म्हणजे भाडोत्री सैनिक. हार्पालस अथेन्सचा नागरिक होता, पाहुणा होता आणि त्याच्यामागे ६००० झेनोस शस्त्रं घेऊन उभे होते.

अथेन्सने त्याला आत घेतलं नाही. बंदराची जबाबदारी असलेल्या फिलोक्लीस या सेनापतीला अडवायला सांगितलं. मग हार्पालसने सैनिक आणि बहुतेक पैसा दक्षिणेला टीनारमच्या टोकाला नेऊन ठेवला आणि दोन-तीन जहाजं घेऊन शरणार्थी म्हणून परत आला. या वेळी फिलोक्लीसने त्याला आत सोडलं.

तो याच वेळी यावा हे अथेन्सचं दुर्दैव. त्या उन्हाळ्यात अलेक्झांडरचं फर्मान ऑलिंपियाच्या खेळांमध्ये वाचलं जाणार होतं : ग्रीक शहरांनी आपापल्या हद्दपारांना परत घ्यावं. ते ऐकायला २०,००० हद्दपार जमले, असं इतिहासकार डायोडोरस सांगतो. अथेन्सला हे फर्मान सगळ्यात जास्त झोंबणारं होतं, कारण इ.स.पू. ३६५पासून सामोस बेटावर मूळ रहिवाशांना हाकलून अथेन्सचे लोक वसले होते. ते बेट आता जाणार होतं. इथेही खेळ ओळखींचाच होता. फर्मान घेऊन येणारा निकॅनॉर हा ॲरिस्टॉटलच्या घरातला माणूस. सामोसच्या हद्दपारांची बाजू दरबारात लावून धरणारा गोर्गस हा अलेक्झांडरच्या शस्त्रागाराचा प्रमुख. त्याचे उपकार मानणारा शिलालेख सामोसकरांनी पुढे कोरून ठेवला आहे. अथेन्सकडून ऑलिंपियाला गेला डेमोस्थेनिस, मॅसेडोनियाविरुद्ध आयुष्यभर बोललेला वक्ता. त्याच्याही ओळखी दरबारात होत्या. ॲरिस्टिऑन नावाच्या तरुणामार्फत त्याने अलेक्झांडरशी वर्षांपूर्वीच संधान बांधलं होतं, असा आरोप त्याचा शत्रू एस्किनीसने भर न्यायालयात केला होता. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. अथेन्सचे वकील, म्हणजे राजदूत, कुठल्या परक्या राजधानीत कायम बसलेले नसत. परराष्ट्र धोरण म्हणून जे काही होतं ते अशाच माणसांच्या खिशात होतं.

आता हार्पालसची मागणी करणारे निरोप येऊ लागले. युरोपातला राज्यप्रतिनिधी अँटिपेटर म्हणाला, तो आमच्या ताब्यात द्या. ऑलिंपियास म्हणाली, आमच्या. आशिया मायनरमधून तिथला अलेक्झांडरचा अधिकारी फिलॉक्सेनस (वर आलेला कवी नव्हे) याची माणसं आली. अँटिपेटर आणि ऑलिंपियास यांचं एकमेकांशी किती वाकडं होतं हे सगळ्या ग्रीसला ठाऊक होतं. एकाला दिला की दुसरा दुखावणार आणि राजा विचारणार की कुणाच्या हुकमाने दिला.

डेमोस्थेनिसने यातून वाट काढली. या निरोप्यांना माणूस द्यायचा नाही. त्याला पहाऱ्यात ठेवायचा, पैसा अक्रोपोलिसवर, शहराच्या बालेकिल्ल्यावर, जमा करायचा आणि अलेक्झांडरचा थेट शब्द येईपर्यंत थांबायचं. एका अडचणीत सापडलेल्या लहान शहरासाठी हा सल्ला उत्तम होता, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅसेडोनियन सत्तेत कुणाच्या शब्दाला किती वजन हे ठरलेलं नव्हतं आणि त्याने नेमकं त्याच फटीत पाऊल ठेवलं.

पुढचा प्रसंग अथेन्सचाच दुसरा वक्ता हायपरिडीस याच्या भाषणात आहे. लोकसभा भरलेली, डेमोस्थेनिस आपल्या नेहमीच्या जागी, कड्याखाली बसलेला. तो म्नेसिथिअस नावाच्या नर्तकाला सांगतो, जा, हार्पालसला विचार, अक्रोपोलिसवर किती पैसा न्यायचा आहे. नर्तक विचारून येतो : ७०० टॅलंट. डेमोस्थेनिस तो आकडा सभेला सांगतो. शहराच्या अर्ध्या वर्षाच्या उत्पन्नाहून मोठ्या रकमेची नोंद अशी, तोंडी, एका नर्तकाच्या हाताने झाली. मोजून घेतलं नाही, पावती नाही. वर प्रत्यक्ष ठेवायला गेले तेव्हा ३५० टॅलंटच होते.

उरलेले ३५० कुठे गेले, हा प्रश्न अथेन्सला पुढचे आठ-नऊ महिने पुरला. दरम्यान पहारा ढिला पडला आणि हार्पालस निसटला.

सासरा आणि जावई

फोकिऑनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. हा अथेन्सचा वयोवृद्ध सेनापती, गरिबीत राहणारा, अँटिपेटरशी चांगले संबंध असलेला. हार्पालसने त्याला ७०० टॅलंट देऊ केले आणि आपली सगळी मालमत्ता त्याच्या हवाली करायची तयारी दाखवली, असं प्लुटार्क लिहितो. फोकिऑनने ताडकन नकार दिला. मग हार्पालसने त्याचा जावई चारिक्लीस गाठला. पायथिओनिसीचं एल्युसिसच्या रस्त्यावरचं स्मारक याच चारिक्लीसने बांधून घेतलं होतं आणि त्याचा खर्च ३० टॅलंट लावला होता. प्लुटार्कच्या मते त्या स्मारकात एवढ्या पैशाचं काहीच नव्हतं. गंमत अशी की प्लुटार्कनंतर काही दशकांनी त्याच रस्त्याने गेलेला प्रवासवर्णनकार पॉसेनियस म्हणतो, ग्रीसमधल्या जुन्या कबरींत पाहण्यासारखी हीच.

हार्पालसचा शेवट झाल्यावर त्याची लहान मुलगी मागे राहिली. तिला चारिक्लीस आणि फोकिऑन यांनी आपल्या घरी नेलं आणि प्रेमाने वाढवलं. ज्याचा पैसा हातात धरला नाही, त्याच्या पोरक्या मुलीचा हात फोकिऑनने धरला. पण पैशाच्या आरोपावरून चारिक्लीसवर खटला उभा राहिला आणि तो सासऱ्याला म्हणाला, न्यायालयात माझ्यासोबत चला, तेव्हा फोकिऑन गेला नाही. तुला जावई केलं ते फक्त न्याय्य कामांसाठी, असं त्याने सांगितल्याची आठवण आहे.

या संपूर्ण प्रकरणात नात्याची हद्द कुठे संपते हे स्वतःच्या मनाशी ठरवलेला मला हा एकच माणूस दिसतो. पण शहराला ती हद्द आखून ठेवता आली नव्हती, आणि एकेका माणसाच्या सचोटीवर शहर किती दिवस चालणार?

चौकशी

डेमोस्थेनिसनेच ठराव मांडला की अरिओपागस या वडीलधाऱ्या न्यायसभेने चौकशी करावी, आणि मी दोषी निघालो तर मला मरणदंड द्या. त्याआधी वक्त्यांच्या घरांची झडतीही झाली. कॅलिक्लीस नावाच्या एकाचं घर तेवढं सोडलं, कारण त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि नवी नवरी आत होती.

अरिओपागसने सहा महिने घेतले. मग एक यादी दिली : नावं आणि रकमा. डेमोस्थेनिसपुढे २० टॅलंट. यादीत वक्ता डेमाडीस होता, फिलोक्लीस होता. पुरावा काय, साक्ष कुणाची, यातलं काही यादीबरोबर आलं नाही. इ.स.पू. ३२३च्या वसंतात १५०० न्यायाधीशांसमोर खटले चालले. फिर्यादी १० होते, त्यांत हायपरिडीस. तो आणि डेमोस्थेनिस वर्षानुवर्षं एकाच बाजूला, मॅसेडोनियाविरुद्ध, खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले. त्याच्या भाषणाचे तुकडे एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधल्या पपायरसवर सापडले. आपली मैत्री तूच मोडलीस, देशाविरुद्ध सोनं घेतलंस तेव्हाच मोडलीस, असं तो तिथे तोंडावर म्हणतो.

पण त्या भाषणात याहून महत्त्वाची गोष्ट आहे. हायपरिडीस न्यायाधीशांना आठवण देतो की सेनापतींना आणि वक्त्यांना बराच फायदा करून घ्यायला तुम्ही खुशीने देता. कायदा तशी परवानगी देत नाही, तुमचा मोठेपणा देतो. तुमची अट एकच : जे घेतलं जाईल ते तुमच्यासाठी असावं, तुमच्याविरुद्ध नसावं.

हे वाक्य कुणा भ्रष्ट माणसाचं नाही, फिर्यादीचं आहे. अथेन्सचा खरा नियम त्याने उघड बोलून दाखवला. परक्या राजांशी ज्याच्या ओळखी आहेत तोच माणूस शहराच्या उपयोगाचा, आणि ओळख म्हटली की भेटी आल्या, देणंघेणं आलं. अथेन्समध्ये प्रत्येक अधिकाऱ्याला पदावरून उतरताना हिशेब द्यावा लागे, त्याची पद्धत पक्की होती. पण वक्ता म्हणजे अधिकारी नव्हे. डेमोस्थेनिसचं वजन कुठल्या पदातून आलेलं नव्हतं, त्यामुळे त्या वजनाचा हिशेब मागायला शहराकडे जागाच नव्हती. मॅसेडोनियात मित्राचा हिशेब राजाने घेतला नाही आणि अथेन्सला तो घेता आला नाही.

डेमोस्थेनिसने पैसे घेतले का? प्लुटार्क सोन्याच्या पेल्याची गोष्ट सांगतो. हार्पालसच्या सामानाची मोजणी चालू असताना डेमोस्थेनिस एक पर्शियन पेला हातात घेऊन न्याहाळत होता. याचं किती येईल, असं त्याने विचारलं. तुला २० टॅलंट येतील, असं हार्पालस हसून म्हणाला, आणि रात्री पेल्यासकट २० टॅलंट घरी पोचले. दुसऱ्या दिवशी डेमोस्थेनिस गळ्याला लोकर गुंडाळून सभेत आला, घसा बसलाय म्हणून बोलला नाही. गोष्ट इतकी घोटीव आहे की मी तिच्यावर विसंबत नाही. पण हायपरिडीसच्या म्हणण्यानुसार डेमोस्थेनिसने आधी पैसे घेतल्याचं कबूल केलं होतं आणि शहराच्या उत्सवनिधीसाठी उचल म्हणून ते घेतले, असं सांगितलं होतं. हे खोडायला कठीण आहे. उलट बाजूला पॉसेनियसची नोंद आहे : हार्पालसचा हिशेब ठेवणारा गुलाम ऱ्होड्समध्ये पकडला गेला, त्याने पैसे घेणाऱ्यांची नावं सांगितली, आणि डेमोस्थेनिसशी वैर असूनही फिलॉक्सेनसने अथेन्सला कळवलेल्या नावांत त्याचं नाव नव्हतं. माझं मत असं की पैसा त्याच्या हातातून गेला आणि शहर त्याने विकलं नाही. त्याचा सल्ला सुरुवातीपासून शेवटपर्यंत अथेन्सच्या भल्याचाच राहिला. पण सामोस वाचवायचं तर अलेक्झांडरपुढे कुणाला तरी दोषी म्हणून उभं करणं भाग होतं, आणि सगळ्यात मोठं नाव त्याचंच होतं.

दंड झाला ५० टॅलंट. तो भरणं शक्य नव्हतं. तुरुंगातून निसटून तो आधी एजिना, मग ट्रॉयझेन इथे राहिला. समुद्रापलीकडे अटिका, अथेन्सचा मुलूख, दिसायचा, तिकडे बघून डोळ्यांत पाणी यायचं, असं प्लुटार्क लिहितो.

पैसा पुढे कुठे गेला

जूनमध्ये अलेक्झांडर बॅबिलॉनमध्ये वारला. अथेन्सने मॅसेडोनियाविरुद्ध युद्ध पुकारलं, ते लढायला अक्रोपोलिसवरचा हार्पालसचा पैसाच कामाला आला. डेमोस्थेनिसने ट्रॉयझेनहून बाहेर पडून, अथेन्सच्या वकिलांबरोबर शहराशहरांत हिंडून मित्र जमवले, आणि हायपरिडीसशीही त्याचं पुन्हा जमलं. त्याचा चुलतभाऊ डेमॉन याने त्याला परत आणायचा ठराव मांडला. न्यायालयाचा दंड माफ करायची सोय नव्हती, म्हणून झ्यूसच्या उत्सवात वेदी सजवण्याचं काम त्याला दिलं आणि त्या कामाचे म्हणून बरोबर ५० टॅलंट. वर्षभरात अथेन्स क्रॅनॉनला युद्ध हरलं. अँटिपेटरशी बोलायला शहराने पुन्हा फोकिऑनलाच पाठवलं, कारण ओळख त्याचीच होती. डेमोस्थेनिसला मरणदंड द्यायचा ठराव डेमाडीसने मांडला. कॅलोरिया बेटावर पोसायडनच्या देवळात डेमोस्थेनिसने विष घेतलं.

हार्पालस त्याआधीच संपला होता. अथेन्सहून तो टीनारमला गेला, तिथून सैनिक घेऊन क्रीटला. तिथे थिब्रॉनने त्याचा खून केला. डायोडोरसने थिब्रॉनची ओळख करून देताना त्याला हार्पालसचा मित्र म्हटलं आहे.

थिब्रॉनने उरलेला पैसा, जहाजं आणि सैनिक ताब्यात घेतले आणि आफ्रिकेचा किनारा गाठून सायरीनीला वेढा घातला, ज्या शहराने टंचाईत सगळ्या ग्रीसला धान्य पुरवलं होतं त्याच शहराला. सायरीनीतून पळालेले लोक मदत मागायला इजिप्तला गेले. इजिप्त आता टॉलेमीकडे होतं, फिलिपने हार्पालसबरोबर ज्याला हद्दपार केलं होतं त्या टॉलेमीकडे. त्याने ओफेलास या सेनापतीला पाठवलं. थिब्रॉन पकडला गेला आणि त्याला सुळावर चढवलं. मग टॉलेमी स्वतः सायरीनीला आला आणि ते शहर त्याने आपल्या राज्याला जोडून घेतलं.